पोत्यातलं मीठ तपासायला एकदा बाजारात या

बेळगाव जिल्ह्यातलं आरोग्य, अन्न सुरक्षा आणि रेशन ज्यांच्या हाती आहे, त्या सर्व अधिकाऱ्यांना खुलं पत्र

सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटीच्या बाजूच्या एका गावात किराणा दुकान चालवते. दुकान सासऱ्यांनी घातलेलं. माझ्या हातात येऊन सव्वीस वर्षं झाली. गेल्या आषाढात आमच्या गल्लीतली आशा कार्यकर्ती काडेपेटी घ्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, "काकू, मीठ बघायची बाटली ह्या वर्षीबी आली नाही. आता ते रजिस्टरच ठेवू नको म्हणून सांगितलंय." एवढं बोलून ती पावसात निघून गेली. मी मात्र त्या दिवसापासून अस्वस्थ आहे. कोणी सांगितलं, कशासाठी सांगितलं, हे तिलाही ठाऊक नाही. कागद नाही, पत्र नाही, तोंडी निरोप. एक वही बंद झाली, यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. म्हणून सविस्तर लिहिते.

ती बाटली तुमच्या ओळखीची आहे. पण हे पत्र गावातल्या बायकांनीही वाचावं असं मला वाटतं, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. बोटभर उंचीची प्लास्टिकची बाटली असते. चमचाभर मीठ बशीत पसरायचं, त्यावर बाटलीतला एक थेंब टाकायचा. मिठात आयोडीन असेल तर थेंब पडला तिथे निळा-जांभळा डाग उठतो. नसेल तर मीठ पांढरंच राहतं. सोबत रंगाची पट्टी असते, तिच्याशी ताडून पाहायचं. मिनिटभराचं काम. आमची आशा घरोघरी जाऊन हे करायची आणि वहीत लिहायची.

चार वर्षांपूर्वी मी तिला माझ्याच दुकानात बसवून घेतलं होतं. पाकिटातल्या मिठावर थेंब टाकला, डाग वांग्याच्या सालीसारखा गडद झाला. मग तिने माझ्या पोत्यातलं खडे मीठ घेतलं. थेंब टाकला. काही नाही. दुसऱ्या बाटलीतला फेरतपासणीचा थेंब टाकला, पुन्हा पहिला टाकला. तरी काही नाही. मी म्हटलं, वरचं मीठ हवेनं गेलं असेल, आतलं काढ. करवंटीने पोत्याच्या तळापर्यंत उकरून मीठ काढलं, तर ते ओलं, बोटांना चिकटणारं. त्यावरही डाग उठला नाही. ती गप्प, मी गप्प. बावीस वर्षं मी तेच मीठ गावाला विकत होते. बाळंतिणींच्या घरी, अंगणवाडीतल्या पोरांच्या घरी, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात. पाकिटाचं मीठ किलोला वीस-पंचवीस रुपये, सुटं दहाला. कोण पाकीट घेणार? त्या आठवड्यात मी सुटं मीठ बंद केलं. गिऱ्हाईक काही दिवस तुटलं, मग परत आलं. पण आठवडी बाजारात आजही ताडपत्रीखाली पोती उभी असतात आणि लोक पिशव्या भरून नेतात.

आता आमच्या भागातच याची जास्त काळजी का, ते सांगते. आयोडीन मुळात मातीत असतं. तिथून पिकात, गवतात, दुधात आणि मग आपल्या पोटात येतं. पण ते पाण्याबरोबर वाहून जातं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथल्या, जांबोटीच्या, चोर्ल्याच्या पावसाविषयी मी तुम्हाला वेगळं काय सांगू? वर्षानुवर्षांच्या अशा पावसाने डोंगराची माती धुतली जाते. हिमालयाच्या पायथ्याला गलगंड, म्हणजे गळ्याची गाठ, पिढ्यान्‌पिढ्या का होता, याचं एक मोठं कारण हेच. म्हणून आमच्यासारख्या मुलखात भात, नाचणी, भाजी यांच्या भरवशावर राहता येत नाही. आयोडीन बाहेरून यावं लागतं, आणि ते गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या ताटात पोचवायची एकच सोपी वाट आहे, ती म्हणजे मीठ. तेच मीठ आमच्याकडे येऊन पुन्हा पावसात सापडतं. मृगापासून गणपतीपर्यंत उघड्या पोत्यातल्या मिठाला पाणी सुटतं, तळाशी ओल धरते, पाणी पाझरून जातं. आयोडीन मिसळलेलं असलं तरी ते त्या पाण्याबरोबर कमी होत जातं. मातीतलं पावसाने नेलं, पोत्यातलंही पावसानेच नेलं.

"समुद्राचं मीठ आहे, त्यात आयोडीन असतंच की," असं मला दर आठवड्याला कोणीतरी सांगतं. गोव्याकडचं मीठ, गोकर्णाकडच्या सानिकट्ट्याचं मीठ आमच्याकडे पूर्वापार येत आलंय आणि लोकांचा त्यावर जीव आहे. मला त्या मिठागरांविषयी आदरच आहे. पण समुद्राचं पाणी उन्हात आटवून केलेल्या मिठात आयोडीन जवळजवळ उरत नाही. ते वरून मिसळावं लागतं. शहरात हल्ली कौतुकाने वापरतात त्या गुलाबी सैंधवाचंही तसंच. हे लोकांना कोणी सांगायचं? एकटी दुकानदार बाई किती जणांशी वाद घालणार?

शरीराला लागतं ते किती थोडं, ते पाहा. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला 250. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तरी चार ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. पण शरीराला ते फार काळ साठवून ठेवता येत नाही, रोज थोडंथोडं लागतं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला तिचं संप्रेरक बनवायला आयोडीनच हवं असतं. ते मिळालं नाही की ग्रंथी जास्त राबते, राबता राबता फुगते. तोच गलगंड. माझ्या माहेरी आजीच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती. ती सगळ्या फोटोंत पदर गळ्याभोवती घेऊन बसलेली आहे. आम्हा पोरींना वाटायचं, आजीला थंडी वाजते.

गाठ निदान दिसते तरी. बाकीचं दिसत नाही. मला स्वतःला चार वर्षं कळलं नाही. भर मे महिन्यात अंगात स्वेटर. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, केसांचा पुंजका फणीत, आवाज जाड, पाळी पंधरा-पंधरा दिवस. दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या डोळे मिटायचे. दाखवायला गेले की रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या, नाहीतर वय झालं म्हणून दिलासा. माझं वय तेव्हा एकेचाळीस होतं. शेवटी बेळगावला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या गळ्याला हात लावून पाहिला आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला सांगितलं. त्याच्या आधी चार वर्षांत कोणी गळ्याला हात लावला नव्हता. आता रोज पहाटे उपाशीपोटी एक बारीक गोळी घेते, अर्ध्या-पाऊण तासाने चहा. मी पुन्हा माणसात आले.

इथे एक गोष्ट सरळ सांगते. माझा आजार मिठामुळेच झाला, असं माझं म्हणणं नाही. त्याच डॉक्टरीणबाईंनी समजावलं की आता पुष्कळ बायकांत शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते, त्याला मीठ कारण नसतं. आणि आयोडीन गरजेपेक्षा फार झालं तरी त्रास होतो. त्यामुळे "थायरॉइड झालाय, मीठ वाढवा" असा प्रचार मला नको आहे. मीठ खातो तेवढंच खावं, रक्तदाबवाल्यांनी तर कमीच खावं. पण जे खाऊ त्यात आयोडीन असावं. कोबीमुळे थायरॉइड होतो म्हणून इथल्या बायका कोबी सोडतात. आयोडीन पुरेसं मिळत असेल तर जेवणातल्या कोबीने काही होत नाही. बेळगाव भागात शेतंच्या शेतं कोबीची असताना बायका तो भीतीपोटी टाळतात आणि ज्या पोत्याकडे बघायला हवं त्याकडे कोणीच बघत नाही.

माझी खरी तळमळ गरोदर बायकांसाठी आहे. पहिले तीन महिने पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. मेंदूची घडण तर तेव्हाच चालू झालेली असते आणि त्यासाठी लागणारं संप्रेरक आईकडूनच यावं लागतं. आईलाच कमी पडत असेल तर बाळाला कुठून मिळणार? गर्भपात, मृत बाळ, ऐकू न येणं, बुद्धीची वाढ खुंटणं, हे सगळं यातून होऊ शकतं. मेंदूला होणारी जी इजा टाळता येण्यासारखी असते, तिचं जगातलं सर्वांत मोठं कारण आयोडीनची कमतरता आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. आणि पोर थोडं मंद राहिलं, शाळेत मागे पडलं, तर त्याचं खापर आम्ही त्याच्या आईबापावर नाहीतर गुरुजींवर फोडतो.

माझ्या सुनेला दिवस गेले तेव्हा मी स्वतः आजारातून गेले होते म्हणून हट्ट धरला. जवळच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन झालं, साखर झाली, थायरॉइडची तपासणी मात्र "इथे होत नाही" म्हणून सांगितलं. मग एक दिवस दुकान बंद, मुलाचा रोज बुडाला, भर पावसात एसटीने बेळगाव. खासगी लॅबमध्ये पैसे भरले, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. टीएसएच वाढलेलं. दहाव्या आठवड्यात गोळी सुरू झाली. नातू आता दीड वर्षाचा आहे, दुकानातल्या वजनांशी खेळतो, बरणीत हात घालतो. आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका मुलीची दोन बाळंतपणं अर्ध्यावर गेली. कारण काय ते मी सांगू शकत नाही, आणि सांगणारही नाही. एवढंच सांगते की दोन्ही वेळा तिच्या गळ्याकडे कोणी पाहिलं नाही आणि तिची ही तपासणी झाली नाही. तिच्या सासूला मी हे बोलले तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला कोण सांगणार गं? कागद तर सगळे कन्नडात."

आता माझ्या तक्रारी.

पहिली मिठाची. माणसांच्या खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आहे. 2000 साली ती उठवली होती, 2006 च्या मे महिन्यात पुन्हा आली आणि आजही आहे. नियम असा की कारखान्यातून निघताना मिठात आयोडीन जास्त असावं आणि दुकानातून गिऱ्हाइकाच्या हातात पडताना किलोमागे निदान 15 मिलिग्रॅम तरी उरावं. ओलाव्याने, साठवणीत काही जाणार, हे धरूनच नियम केलाय. दिवसाला दहा ग्रॅम मीठ पोटात गेलं तर त्या 15 च्या हिशेबाने बरोबर 150 मायक्रोग्रॅम मिळतात. इतका चोख विचार करून केलेला नियम आमच्या बाजारात येऊन ताडपत्रीखाली भिजतो. जनावरांसाठी, खारवायला, कातड्याला साधं मीठ विकता येतं, मान्य आहे. पण त्यावर तसं लिहिलेलं हवं. इथे एकाच पोत्यातून एक बाई म्हशीसाठी नेते आणि तिच्या मागची आमटीसाठी. विकणाऱ्यालाही फरक माहीत नसतो. मला तरी कुठे होता? सव्वीस वर्षांत माझ्या दुकानात वजनकाटा तपासायला लोक आले, परवाना बघायला आले. मिठाचा चिमूटभर नमुना न्यायला एकदाही कोणी आलं नाही.

दुसरी तक्रार त्या वहीची. 2018-19 च्या देशव्यापी पाहणीत पुरेसं आयोडीन असलेलं मीठ 76 टक्के घरांत सापडलं. म्हणजे देशात चौघांतलं एक घर अजून राहिलेलं. ते चौथं घर आमच्या गावात कुठलं, हे सांगणारी एकमेव गोष्ट आशेची वही होती. तीच बंद.

तिसरी तपासणीची. ज्या गरोदर बायकांना थायरॉइडचा धोका जास्त, त्यांची पहिल्याच भेटीत टीएसएच करावी, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2014 साली काढल्या. आधी गर्भपात झालेल्या, गळ्याला सूज असलेल्या, घरात थायरॉइडचा आजार असलेल्या, आयोडीन कमी असलेल्या भागात राहणाऱ्या बायका त्यात येतात. आमच्या बायकांना यातलं काहीच विचारलं जात नाही. नवजात बाळाचंही तेच. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ग्रंथी काम करते की नाही कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही.

चौथी भाषेची. मी इथे सीमाप्रश्न काढत नाही. मला कन्नड बोलता येतं, अडखळत वाचताही येतं, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी आहेत, माझ्या लेकराबाळांसारखी. पण ज्या भागात एखादी भाषा बोलणारे 15 टक्क्यांवर आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशाने कधीच ठरवलेलं आहे. खानापूर, बेळगाव, निपाणीत मराठी बोलणारे किती आहेत, ते तुम्ही जाणता. भिंतीवर मिठाचं चित्र आणि खाली ओळीने मजकूर. तो न कळता आमच्या म्हाताऱ्या त्याच भिंतीला टेकून एसटीची वाट बघतात. औषधाची गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवून, एवढं तरी माणसाला आपल्या भाषेत कळायला नको का?

हे सगळं अवघड असतं तर मी लिहिलं नसतं. 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात लोकांना आयोडीन घातलेलं मीठ पुरवून पाहिलं, आणि गलगंड कमी होत गेलेला दाखवला. त्या कामाच्या आधारावर 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे 1992 मध्ये त्याचं नाव आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम झालं. गाढवाच्या पाठीवरून मीठ जायचं त्या काळात डोंगरातल्या खोऱ्यात जे जमलं, ते आज डांबरी रस्त्यावरच्या आमच्या बाजारात का जमू नये?

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

मीठ तपासायच्या बाटल्या पुन्हा द्या, वही पुन्हा सुरू करा, आणि त्या कामाचे आशेला मिळायचे ते पैसे वेळेवर द्या. बाजारातल्या आणि दुकानातल्या मिठाचे नमुने पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि श्रावणात एकदा घ्या, आणि निकाल पंचायतीच्या फळ्यावर लावा. पहिल्याच दिवशी गरीब विक्रेत्याला दंड करू नका. त्याला आधी समजावा, घाऊक व्यापाऱ्याला धरा. खडे मीठ बंद करा असं मी म्हणत नाही. आयोडीन घातलेलं खडे मीठही पाकिटात मिळतं. लोणच्याला, आमसुलाला लोक तेच घेतील, ते इथल्या घाऊक बाजारात येईल असं बघा. जनावरांच्या मिठाचं पोतं वेगळ्या रंगाचं आणि त्यावर दोन्ही भाषांत लिहिलेलं असलं पाहिजे.

रेशनवर दर कार्डाला महिन्याला एक किलो आयोडीनयुक्त मीठ कायम मिळावं. अन्नभाग्य योजनेत काही काळ ते सवलतीत दिलं जात होतं. सुटं मीठ दहा रुपयांना मिळत असताना गरिबाने पाकीट घ्यावं, ही अपेक्षा त्याशिवाय धरता येणार नाही. याचा माझ्या धंद्यावर परिणाम होईल. होऊ दे.

गरोदर बाईच्या पहिल्या भेटीतच टीएसएचसाठी रक्त घ्या. यंत्र नसलं तर नमुना तालुक्याला पाठवा, बाईला पाठवू नका. बाळाच्या टाचेची तपासणी घरी सोडण्याआधी करा. सहा ते बारा वर्षांच्या शाळकरी मुलांचे गळे आणि लघवीतलं आयोडीन तपासून पश्चिम भागाची खरी स्थिती एकदा कळू द्या. सगळं ठीक निघालं तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही.

आणि माहितीचे कागद कन्नडबरोबर मराठीतही छापा. मजकूर मोठा नको. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघा, मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा, चुलीच्या वाफेजवळ ठेवू नका, भाजी उतरवताना घाला, दिवस राहिले की गळा आणि रक्त तपासून घ्या. पाच ओळी पुरेत. छापून मिळाल्या तर मी प्रत्येक मिठाच्या पाकिटाबरोबर फुकट वाटीन.

21 ऑक्टोबरला आयोडीन कमतरता दिन असतो. त्या दिवशी सभागृहात भाषणं ठेवण्याऐवजी आमच्या आठवडी बाजारात या. माझ्याकडे तपासणीची एक बाटली अजून उरलेली आहे, पण तिची मुदत संपली आहे, म्हणून तुमची घेऊन या. गेल्या बाजारी मी सहा वेगवेगळ्या पोत्यांतलं पावशेर-पावशेर मीठ विकत घेतलंय. बरण्यांत भरून, कुठल्या पोत्यातलं ते चिठ्ठीवर लिहून, दुकानातल्या वरच्या फळीवर झाकून ठेवलंय. कधी येताय ते आशेकडे निरोप देऊन कळवा, मी दुकान उघडं ठेवते.

आपली,
जांबोटीच्या बाजूची एक किराणा दुकानदार